फुटबॉल क्लबच्या ऑफिसात कुठलं टेबल मागून घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा: कायद्याची पदवी आहे, एका कंपनीत चार वर्षं नियमपालनाचं काम केलंय, फुटबॉलची ओढ लहानपणापासूनची. आता एका व्यावसायिक क्लबकडून दोन जागांसाठी विचारणा आली आहे. एक सामाजिक उपक्रम आणि ब्रँडिंगची. पदनाम भारदस्त, पगार चांगला. दुसरी फुटबॉल ऑपरेशन्समधली, खेळाडू नोंदणी सहायकाची; पगार बराच कमी. ओळखीतले सगळे पहिली घे म्हणतात. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक शंका आहे: क्लबमध्ये बायकांच्या हाती खरंच काही असतं, की वार्षिक अहवालातल्या फोटोपुरतंच सगळं असतं?

माझं मत दुसऱ्या जागेला. पगारातला फरक सोसण्यासारखा असेल तर फार घोळ घालू नका. मी व्यावसायिक क्लबांच्या सचिव कार्यालयात, म्हणजे नोंदणी, करार आणि क्लब लायसन्सिंग (स्पर्धेत उतरण्याचा परवाना) या कामांत उभी कारकीर्द घालवली आहे. त्यामुळे माझा ओढा त्या टेबलाकडे असणार हे धरूनच वाचा. पण कारणं देते, ती तपासून बघा.

क्लबमध्ये कोणाच्या हाती काय आहे हे पदनामावरून कळत नाही. कुठला कागद कोणाच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही, यावरून कळतं. खेळाडू विकत घेणं, त्याला मैदानात उतरवणं, त्याचा पगार वेळेवर देणं आणि पुढच्या मोसमात स्पर्धेत उतरण्याचा परवाना मिळवणं, या चार गोष्टींवर क्लब उभा असतो आणि या चारही गोष्टींचे कागद ऑपरेशन्सच्या टेबलावरून जातात. ब्रँडिंग विभागातली माणसं कष्टाळू आणि हुशार असतात, पण संघाची यादी कशी ठरते हे त्यांना बहुतेक वेळा बाहेरच्यांबरोबरच कळतं.

ऑगस्ट २०१४ मधलं लेगिया वॉर्सा आणि सेल्टिकचं प्रकरण मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला पहिल्याच आठवड्यात सांगते. चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची पात्रता फेरी होती. पोलंडच्या लेगियाने पहिला सामना ४-१ असा जिंकला होता आणि परतीच्या सामन्यातही ते २-० ने पुढे होते. एकूण ६-१. शेवटची काही मिनिटं उरली असताना बार्तोश बेरेशिन्स्की हा बचावपटू बदली खेळाडू म्हणून मैदानात आला. आदल्या मोसमातल्या लाल कार्डामुळे त्याच्यावर तीन सामन्यांची बंदी होती. क्लबच्या हिशेबाने ती भोगून झाली होती: आधीच्या फेरीतले सेंट पॅट्रिक्सविरुद्धचे दोन सामने आणि सेल्टिकविरुद्धचा पहिला. मेख अशी की आधीच्या फेरीसाठी युएफाकडे, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाकडे, पाठवलेल्या खेळाडूंच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. यादीत नसलेल्या खेळाडूचं बाहेर बसणं बंदीत धरलं जात नाही. म्हणजे तीनपैकी एकच सामना जमा झाला होता. युएफाने परतीचा सामना सेल्टिकला ३-० असा बहाल केला, बेरीज ४-४ झाली, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेल्या गोलच्या जोरावर सेल्टिक पुढच्या फेरीत गेलं. क्रीडा लवादाकडे दाद मागूनही लेगियाच्या हाती काही लागलं नाही.

असं छोट्या क्लबांचंच होतं असं नाही. डिसेंबर २०१५ मध्ये रेआल माद्रिदने कोपा देल रे या स्पेनमधल्या चषक स्पर्धेच्या सामन्यात डेनिस चेरिशेव्हला काडिसविरुद्ध खेळवलं. आदल्या मोसमात तो विय्यारेआल क्लबकडे लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना दिलेला, होता आणि तिथे जमलेल्या पिवळ्या कार्डांमुळे त्याच्यावर एका सामन्याची बंदी बाकी होती. त्याने त्या सामन्यात गोल केला, माद्रिद ३-१ ने जिंकलं आणि तरीही स्पर्धेतून बाद झालं.

म्हणून या टेबलावर बसणारी व्यक्ती बंदीची वही ठेवते. आता ती संगणकावर असते, तरी आम्ही तिला वहीच म्हणतो. खेळाडूचं नाव, कार्ड कुठल्या स्पर्धेत आणि कुठल्या तारखेला मिळालं, बंदी कुठल्या संस्थेने घातली, ती कुठल्या स्पर्धेत मोजायची आणि बाहेर बसलेल्या प्रत्येक सामन्याच्या वेळी त्याचं नाव अधिकृत यादीत होतं का. हा शेवटचा रकाना मी प्रत्येक सामन्याच्या आदल्या दिवशी पुन्हा वाचते. प्रत्येक स्पर्धेचा हिशेब वेगळा असतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पहिल्या १९ सामन्यांत पाच पिवळी कार्डं झाली की एका सामन्याची बंदी, ३२ सामन्यांपर्यंत दहा झाली की दोन सामन्यांची. युरोपातल्या स्पर्धांचं गणित निराळं. नवा खेळाडू आला की त्याच्या आधीच्या क्लबकडून आणि तिथल्या संघटनेकडून शिल्लक बंदीचं लेखी उत्तर मागवायचं, तोंडी चालत नाही. आणि हे सगळं पाहून झाल्यावर प्रशिक्षकाला जाऊन सांगायचं, 'उद्या हा चालणार नाही.' तो चिडेल, एखादा संचालक फोन करेल. पण नियमाचं कलम समोर ठेवलं की कोणालाही पुढे जाता येत नाही. तुम्ही पंचविशीतल्या आहात की पन्नाशीतल्या, बाई आहात की पुरुष, त्या क्षणी याने काही फरक पडत नाही. मला हे काम आवडण्याचं हे एक मोठं कारण आहे.

ट्रान्सफर विंडोची, म्हणजे खेळाडूंच्या बदल्यांसाठी ठरवून दिलेल्या मुदतीची, शेवटची रात्र बाहेरून झगमगीत दिसते. आत ती कागद जुळवण्याची रात्र असते. आंतरराष्ट्रीय बदली फिफाच्या ट्रान्सफर मॅचिंग सिस्टीम या ऑनलाइन यंत्रणेतून जाते. पुरुष व्यावसायिकांसाठी ती ऑक्टोबर २०१० पासून सक्तीची आहे, महिला व्यावसायिकांसाठी २०१८ पासून. दोन्ही क्लब आपापली माहिती वेगवेगळी भरतात आणि ती तंतोतंत जुळावी लागते: रक्कम, हप्ते, हप्त्यांच्या तारखा, एजंटचा तपशील. सोबत बदलीचा करार, खेळाडूचा नोकरीचा करार, ओळखीचा आणि जन्मतारखेचा पुरावा, आधीचा करार कधी संपला त्याचा कागद आणि खेळाडूच्या आर्थिक हक्कांत तिसऱ्या कोणाचा वाटा नाही हे सहीनिशी दिलेलं निवेदन. पासपोर्टवर नाव चार शब्दांचं आणि करारात तीन शब्दांचं असेल तरी अडतं. ऑगस्ट २०१७ मध्ये आद्रियेन सिल्व्हाची स्पोर्टिंग लिस्बनहून लेस्टर सिटीकडे झालेली बदली १४ सेकंदांच्या उशिरामुळे फिफाने नोंदवून घेतली नाही, आणि त्याला जानेवारी २०१८ पर्यंत खेळता आलं नाही. लेगिया आणि माद्रिदची गोष्ट वर आलीच. या तिन्ही प्रकरणांत खेळाडू, पैसा आणि प्रशिक्षकाची इच्छा सगळं जागेवर होतं.

आता पैशाची बाजू, कारण कायद्याच्या पदवीचा तिथे फार उपयोग होतो. आंतरराष्ट्रीय बदलीच्या रकमेतले पाच टक्के त्या खेळाडूला बाराव्या ते तेविसाव्या वाढदिवसाच्या मोसमांत ज्या क्लबांनी घडवलं त्यांच्यात वाटले जातात. बारा ते पंधराच्या प्रत्येक मोसमाला पाव टक्का, सोळा ते तेवीसच्या प्रत्येक मोसमाला अर्धा टक्का. समजा तुमच्या क्लबने एका मुलाला सोळा ते एकोणीस असे चार मोसम सांभाळलं आणि पुढे कधीतरी तो दोन कोटी युरोला विकला गेला. तुमचा वाटा दोन टक्के, म्हणजे चार लाख युरो. छोट्या क्लबसाठी तो अकादमीचा अख्ख्या वर्षाचा खर्च असू शकतो. पण तो मिळतो त्या मुलाची नोंदणी त्या त्या मोसमात नीट झाली असेल तर, तारखांसकट. २०२२ च्या अखेरीपासून फिफाचं क्लिअरिंग हाऊस, म्हणजे या पैशांची देवघेव करणारी संस्था, हे वाटप आपोआप करू लागलं आहे, म्हणून तर संघटनेकडच्या नोंदी बिनचूक असणं आणखी महत्त्वाचं झालं. बारा वर्षांच्या मुलाचा अर्ज भरताना त्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. तुम्ही बघा.

लायसन्सिंगबद्दल थोडक्यात. क्रीडा, मैदान आणि सुविधा, कर्मचारी व प्रशासन, कायदेशीर आणि आर्थिक, अशा निकषांवर क्लबला दर मोसमाआधी परवाना मिळतो. आर्थिक भागात इतर क्लबांचे बदलीचे हप्ते, कर्मचाऱ्यांचे पगार आणि सरकारी कर थकलेले नाहीत हे दाखवावं लागतं. ही फाईल जो बांधतो त्याला क्लबची खरी तब्येत कळते, काही वेळा संचालक मंडळातल्या निम्म्या लोकांच्या आधी. दोन मोसम ही फाईल बांधलेल्या व्यक्तीला मुख्य कार्यकारी अधिकारी व्हायला लागणारं अर्धं शिक्षण मिळालेलं असतं.

क्लबचं प्रशासन आत्ता आत्तापर्यंत पुरुषांच्याच हाती का होतं, याचं उत्तर लांब शोधायला नको. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १९२१ मध्ये आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर बायकांच्या सामन्यांना मनाई केली आणि ती पन्नास वर्षं टिकली. ब्राझीलमध्ये १९४१ ते १९७९ अशी बंदी होती, पश्चिम जर्मनीच्या संघटनेची १९५५ ते १९७० अशी. ज्या मैदानावर पाय ठेवायची सोय नाही तिथल्या ऑफिसात टेबल कोण देणार? क्लबांत प्रशासनाच्या खुर्च्या माजी खेळाडूंना, त्यांच्या मित्रांना आणि स्थानिक उद्योजकांना मिळत गेल्या. जाहिरात देऊन मुलाखत घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी फार उशिरा आली.

वरपर्यंत गेलेल्या बायकांची नावं तुम्ही ऐकली असतील. त्यांच्याकडे मी थोडी वेगळ्या नजरेने बघते: त्यांच्या हाती नेमकं काय दिलं होतं?

कॅरन ब्रेडी १९९३ मध्ये तेविसाव्या वर्षी इंग्लंडच्या बर्मिंगहॅम सिटी क्लबची मॅनेजिंग डायरेक्टर झाली. तिच्याबद्दल वर्तमानपत्रांनी सगळ्यात जास्त काय लिहिलं? तिने खेळाडूशी लग्न केलं आणि नवऱ्यालाच दुसऱ्या क्लबला विकलं. त्या बातमीआड जे झाकलं गेलं ते असं, की दिवाळखोरीच्या दारातून उचललेला हा क्लब १९९७ मध्ये शेअर बाजारात नोंदवला गेला. तिकिटं, मैदान, पगारपत्रक, ताळेबंद सगळं तिच्या हाती होतं, म्हणून ती सोळा वर्षं टिकली आणि पुढे २०१० मध्ये वेस्ट हॅम क्लबला उपाध्यक्ष म्हणून गेली.

कात्या क्राउस जर्मनीच्या राष्ट्रीय संघाची गोलरक्षक होती. २००३ मध्ये ती हॅम्बुर्ग क्लबच्या कार्यकारी मंडळावर आली. बुंडेसलीगा या जर्मनीच्या अव्वल लीगमधल्या क्लबात त्या पातळीवरची पहिली बाई. गोलरक्षक म्हणून खेळाची जाण तिला मंडळावरच्या कोणाहूनही कमी नव्हती. तिच्याकडे खातं आलं मार्केटिंग आणि संपर्काचं. तिने ते उत्तम सांभाळलं, २०११ पर्यंत. पण तुमच्यापुढचा प्रश्न नेमका हाच आहे, म्हणून हे उदाहरण मी मुद्दाम देते. बाई खेळातून आलेली असली तरी तिला खेळाच्या बाजूची खुर्ची द्यायला क्लब बिचकतो.

मारिना ग्रानोव्स्काया याच्या अगदी उलट. ती इंग्लंडच्या चेल्सी क्लबचा तेव्हाचा मालक रोमान आब्रामोविच याच्या तेल कंपनीतून, त्याच्या ऑफिसातून आली. २०१३ मध्ये चेल्सीच्या संचालक मंडळावर आली आणि २०२२ मध्ये मालकी बदलेपर्यंत खेळाडूंची खरेदी-विक्री, करारांच्या वाटाघाटी तिच्याच हाती होत्या. मुलाखती जवळपास दिल्याच नाहीत. २०२१ मध्ये तिला युरोपातल्या सर्वोत्तम क्लब संचालकाचा पुरस्कार मिळाला. समोर बसलेले एजंट तिला खेळ कळतो की नाही याची चर्चा करत बसले नाहीत, कारण रकमेवरचा शेवटचा शब्द तिचा होता हे त्यांना माहीत होतं. तिला हा अधिकार मालकाच्या विश्वासातून मिळाला. आपल्याला असा मालक भेटेलच असं नाही, आपल्याला तो कागदावर कमवावा लागतो. पण हाती अधिकार आला की वागणूक किती झपाट्याने बदलते ते तिच्याकडे बघून कळतं.

सुझन व्हेलन लेस्टर सिटीची मुख्य कार्यकारी अधिकारी होती, तेव्हा त्या क्लबने २०१५-१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकली. त्या मोसमावर किती लिहिलं गेलं आणि त्यात तिचं नाव किती कमी वेळा आलं, ते शोधून बघा. आणि स्कॉटलंडची ॲन बज. माहिती-तंत्रज्ञानाच्या व्यवसायातून आलेल्या या बाईंनी २०१४ मध्ये दिवाळखोरीतला हार्ट्स क्लब स्वतःचे पैसे घालून उचलला, तो चालवला, आणि २०२१ मध्ये ठरल्याप्रमाणे आपले बहुसंख्य शेअर चाहत्यांच्या संस्थेच्या नावावर केले. क्लब प्रशासनात कोणाचं काम मला सगळ्यात मोठं वाटतं असं विचारलंत तर मी बजबाईंचं नाव घेईन. ताबा घेणारे पुष्कळ असतात, दिलेल्या शब्दाप्रमाणे ताबा सोडणारे फार थोडे.

अध्यक्षांची वाट निराळी असते. स्पेनमध्ये तेरेसा रिवेरो १९९४ ते २०११ रायो वायेकानोच्या अध्यक्ष होत्या. क्लब नवऱ्याच्या उद्योगसमूहाचा होता. ब्राझीलमध्ये लैला पेरेइरा पाल्मेइरासच्या अध्यक्ष निवडून आल्या. त्यांची कंपनी आधीपासून क्लबची प्रायोजक होती. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी फक्त महिला पत्रकारांसाठी पत्रकार परिषद घेतली. खोलीत एकटं पडणं म्हणजे काय ते पुरुष पत्रकारांना एक दिवस कळावं, हा त्यामागचा हेतू. मला ते फार आवडलं. पण पैसा किंवा निवडणूक या दोन्ही वाटा तुमच्या-माझ्यासाठी नाहीत, आणि अध्यक्ष बाई आहे म्हणून कार्यालयातल्या बायकांचं भलं होतंच असंही मी पाहिलेलं नाही.

एक उदाहरण माझ्या मताच्या विरोधात जातं, तेही सांगायला हवं. डेनिस बॅरेट-बॅक्सेंडेल इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबच्या सामाजिक संस्थेतून आल्या आणि २०१८ मध्ये क्लबच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. म्हणजे पहिल्या जागेतूनही रस्ता आहे. फक्त ती संस्था हिशेब, कर्मचारी आणि इमारती स्वतः सांभाळणारी होती, आणि वर जाण्याआधी त्यांनी क्लबमध्येच उपमुख्य अधिकाऱ्याचं पद सांभाळलं. तुम्हाला देऊ केलेल्या जागेत स्वतःचं अंदाजपत्रक आणि हाताखाली माणसं असतील, तर माझं मत थोडं सैल करायला मी तयार आहे.

आता ज्या गोष्टी मुलाखतीत कोणी सांगत नाही त्या. जानेवारी २०२३ मध्ये याच बॅरेट-बॅक्सेंडेल आणि त्यांच्या सहकारी संचालकांना, सुरक्षेला धोका आहे म्हणून, स्वतःच्या मैदानावरच्या सामन्याला येऊ नका असं सांगण्यात आलं. सप्टेंबर २०२४ मध्ये इटलीच्या रोमा क्लबने प्रशिक्षक डॅनियेले दे रोसीला काढल्यावर मुख्य कार्यकारी अधिकारी लिना सुलुकू यांना इतक्या धमक्या आल्या की पोलीस संरक्षण द्यावं लागलं, आणि चार दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. संघ हरला की राग सगळ्याच अधिकाऱ्यांवर निघतो, पण बाई असली की तो राग तिच्या शरीरावर आणि घरादारावर उतरतो. नोंदणी सहायकापर्यंत ही झळ सहसा पोचत नाही. तरी आपलं नाव, नंबर, घरचा पत्ता क्लबच्या जाहीर पानांवर कुठे जातो हे पहिल्या दिवसापासून बघत चला.

रोजचा त्रास लहान लहान असतो. एजंट फोनवर म्हणतो, 'साहेबांना द्या.' मी शांतपणे विचारते, 'कुठल्या कलमाबद्दल बोलायचंय?' आणि त्याच्या कराराचं पान उघडते. एका एजंटाने कित्येक महिने माझ्या वरिष्ठांनाच फोन केले आणि वरिष्ठांनी प्रत्येक वेळी फोन मला जोडून दिला. असे वरिष्ठ मिळाले तर त्यांना सोडू नका. बैठकीत इतिवृत्त लिहायचं काम बाईकडे येतं. सचिव कार्यालयात असाल तर ते तुमचंच काम आहे, आणि मोठं काम आहे. काय ठरलं याची एकमेव नोंद तुमच्या हातची असते. पण बैठकीत तुमचा विषय असेल त्या दिवशी लेखणी दुसऱ्याकडे द्या. लिहिता लिहिता ठामपणे बोलता येत नाही.

ड्रेसिंग रूमचा प्रश्न बाहेरचे लोक फार विचारतात. प्रत्यक्षात तो सोडवायला सगळ्यात सोपा आहे. सह्या आणि फोटो यांसाठी शेजारची एक खोली ठरवून घ्यायची, खेळाडूंना टीम मॅनेजर तिथे पाठवतो. सामन्याची यादी तिथेच सही होते. एवढी खोली देणं क्लबला जमत नसेल, तर त्या क्लबमध्ये इतरही पुष्कळ काही जमणार नाही असं समजा. खरी अडचण असते ती बैठकीबाहेर होणाऱ्या बैठकीची. संघाच्या बसमध्ये, हॉटेलच्या लॉबीत, सामन्यानंतर जेवताना निम्मं ठरून जातं आणि तिथे आपण नसतो. यावर मला सापडलेला उपाय एकच: आठवड्याच्या फुटबॉल बैठकीला आपली नियमित जागा असावी आणि प्रत्येक बदलीच्या बोलणीची पहिली ईमेल आपल्याला यावी, असा लेखी नियम करून घ्यायचा. कारण द्यायचं ते नियमपालनाचं: परदेशी खेळाडूंची मर्यादा, यादीतली जागा, स्थानिक तालमीत तयार झालेल्या खेळाडूंची संख्या. युरोपच्या स्पर्धांमध्ये २५ च्या यादीत आठ जागा अशा खेळाडूंसाठी राखीव असतात. हे आधी न तपासता खेळाडू घेतला तर तो बाहेर बसतो, आणि कोणालाही ते नको असतं.

बाळंतपण आणि विंडो यांचं जमत नाही, हे खरं आहे. कॅरन ब्रेडी मुलगी झाल्यावर तीन दिवसांत कामावर आली होती आणि ते चुकलं असं तिनेच पुढे अनेकदा सांगितलं. तिचं अनुकरण कोणी करू नये. फिफाने २०२१ पासून महिला खेळाडूंसाठी किमान १४ आठवड्यांची बाळंतपणाची पगारी रजा नियमात आणली, किमान दोन तृतीयांश पगारासह. तो नियम खेळाडूंचा आहे, ऑफिसातल्या बाईला त्या त्या देशाचा कामगार कायदा आणि स्वतःचं नेमणूकपत्र. म्हणून विंडोच्या काळात रजा आली तर टेबल कोण सांभाळणार, हे आधी ठरलेलं असावं. कुठलंही काम एकाच्याच डोक्यात ठेवू नये, ते किमान दोघांना यावं, हा नियम तसाही क्लबच्या हिताचा आहे. मी ज्या ज्या ठिकाणी काम केलं तिथे प्रत्येक प्रक्रियेची लेखी टिपणं ठेवायला लावली. कोणाच्याही रजेत काम अडलं नाही की पुढच्या बाईची रजा सहज मंजूर होते.

राखीव जागांबद्दल मला अनेकदा विचारतात. फिफाने २०१६ च्या सुधारणांत प्रत्येक खंडीय महासंघातून किमान एक बाई परिषदेवर असावी असं ठरवलं. ३७ जणांत किमान सहा. इंग्लंडमध्ये २०२० च्या नेतृत्व संहितेत सही करणाऱ्या क्लबांनी नव्या वरिष्ठ नेमणुकांत ३० टक्के बायका घेण्याचं उद्दिष्ट मान्य केलं. मी दोन्हींच्या बाजूने आहे. मात्र अशा आकड्यांत मार्केटिंग, मनुष्यबळ आणि फुटबॉल विभाग एकत्र मोजले जातात तेव्हा चित्र आहे त्याहून बरं दिसतं. एखादा क्लब आकडा सांगेल तेव्हा विभागवार विचारा.

तयारीसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रमाची घाई करू नका. फिफा मास्टर हा इंग्लंड, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन विद्यापीठांत फिरून होणारा अभ्यासक्रम चांगला आहे, पण खर्चिक आहे, आणि दोन-तीन मोसम काम केल्यावर केला तर दुप्पट उपयोगी पडतो. आत्ता फिफाची खेळाडूंचा दर्जा आणि बदल्यांची नियमावली संपूर्ण वाचा. ती मोफत मिळते. मग आपल्या लीगची स्पर्धा नियमावली, मग शिस्त संहिता. कायदा शिकलेल्या माणसाला हे अवघड नाही. वाचताना प्रत्येक मुदत वेगळ्या पानावर उतरवा. मुलाखतीला ते पान घेऊन गेलात तर समोरच्याला पदवीबद्दल विचारायचं सुचणार नाही.

आणि मुलाखतीत तुम्हीही विचारा. फुटबॉल बैठकीला नोंदणी विभागातलं कोण बसतं? गेल्या मोसमात बंदी किंवा नोंदणीवरून काही वाद झाला होता का, आणि तो कोणी हाताळला? परगावच्या सामन्यावरून रात्री परत येताना घरी पोचवण्याची सोय कोणाची? गैरवर्तनाची तक्रार कोणाकडे करायची, आणि ती व्यक्ती प्रशिक्षकाच्या किंवा स्पोर्टिंग डायरेक्टरच्या हाताखालची तर नाही ना? आता शेवटचा प्रश्न, तो माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. मोसम सुरू होण्याआधी क्लबच्या वतीने अधिकृत सही कोण करू शकतं याची नावं संघटनेकडे नोंदवली जातात. सचिव रजेवर असताना त्या यादीत दुसरं नाव कोणाचं असतं, ते विचारा, आणि पहिल्या मोसमाचं काम समाधानकारक झालं तर तिथे तुमचं नाव जाईल, हे नेमणूकपत्रात लिहून मागा. यावर ते हो म्हणाले, तर कमी पगाराचं बोलणं पुढच्या वर्षावर ढकलायला हरकत नाही.